विसांची यादी

"सुभ्या चिंचबागेत गेला!"

राजू मेथेनं मोटरसायकल स्टँडलासुद्धा लावली नाही. तालमीच्या भिंतीला टेकवली आणि तिथनंच ओरडला. आम्ही सात-आठजण कट्ट्यावर बसलो होतो. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. समोरच्या टपरीवाल्यानं चहाची किटली हातात तशीच धरली आणि तोही ऐकू लागला.

"कोण सुभ्या?" कुणीतरी विचारलं.

"अतिग्रेंचा सुभ्या. आपला तीन नंबर. आत्ता सही करून आला. मी डोळ्यांनी बघितलं मर्दा! चिंचबागेच्या मॅनेजरनं खांद्यावर हात टाकला होता."

चिंचबाग म्हणजे आमची हाडवैरी तालीम. सगळे एकदम बोलू लागले.

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम दिवाळी झाली की सुरू होतो, पण पेठांमधली खरी गरमागरमी त्याच्या आधी असते. प्रत्येक तालमीनं आपल्या वीस खेळाडूंची यादी असोसिएशनच्या ऑफिसात द्यायची आणि प्रत्येक खेळाडूनं स्वतः जाऊन, फोटो चिकटवून, सही करायची. त्याला चार दिवस मिळतात. त्या चार दिवसांत कोण कुठून फुटला, कोण कुठं गेला, याखेरीज पेठेत दुसरा विषय नसतो. मोठा खेळाडू आला की हलगी-कैताळ लावून त्याला गल्लीतून आणतात. बारक्यासारक्यांची अदलाबदल मात्र पेपरात कोपऱ्यातल्या दोन ओळींत संपते.

त्या वर्षी आमच्या तीनबत्ती तालमीत कोलकात्याचे दोघं आले होते. एक पुढं खेळणारा, एक बचावात. आदल्याच दिवशी त्यांना गुलाल लावून झाला होता. तीनजण गेले होते. एक राखीव गोलकीपर, एक पुण्याला शिकायला गेलेला पोरगा, आणि तिसरा सुभाष अतिग्रे. पहिल्या दोघांची नावंसुद्धा कुणी काढली नाहीत.

सुभाष माझा मित्र. आम्ही बालवाडीपासून एकत्र. तो चौदा वर्षं आमच्या तालमीकडून डाव्या बाजूला बचावात खेळला. उद्यमनगरात लेथवर कामाला होता. सकाळची पाळी करून दुपारी तसाच तेलकट हातांनी मैदानावर यायचा. चौदा वर्षांत त्यानं एक गोल मारला, तोही समोरच्याच्या पायाला लागून गेला. पेपरात त्याचा एकट्याचा फोटो कधी आला नाही. वयाची तेहतीस उलटली होती, पळणं कमी झालं होतं. गेल्या हंगामात तो निम्म्या वेळेला बाकावरच होता, आणि ज्या दिवशी खेळायचा त्या दिवशी आमच्याच गॅलरीतून आवाज यायचा, "म्हाताऱ्याला बसवा!" असं ओरडणाऱ्यांत राजू मेथेचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

आता तोच राजू छाती बडवत होता.

"चौदा वर्षं! चौदा वर्षं पेठेनं डोक्यावर घेतलं आणि शेवटी कुणाकडं गेला? चिंचबागेकडं! दुसरी कुठली तालीम असती तर गप्प बसलो असतो."

"पैसा दाखवला असंल," एकजण म्हणाला.

"मग काय! फुकट जातोय व्हय?"

"मला तर गेल्या सालीच वाटलं होतं. त्या चिंचबागेच्या मॅचला मुद्दाम सोडला होता बघ ह्यानं त्यांचा माणूस."

बघता बघता चाळीस-पन्नास माणसं जमली. पाठीराख्यांना रागवायला काहीतरी लागतंच. मोठा खेळाडू फुटला असता तर थोडी भीती वाटली असती. सुभाष गेल्यानं संघाचं काही बिघडणार नव्हतं, म्हणून राग मोकळेपणानं करता येत होता.

तालमीत कप जिंकलेल्या वर्षाचा फोटो लावलेला होता. अख्खा संघ उभा, मधे कप. तो काढणं शक्य नव्हतं. दोघा पोरांनी इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी आणली आणि मागच्या रांगेतल्या डावीकडच्या चेहऱ्यावर लावली.

मला वरून हाक आली.

माडीवर तालमीचं ऑफिस. आप्पा इंगवले आमचे सेक्रेटरी. साठीचे, हार्डवेअरचं दुकान असलेले, शब्दाला पक्के. सुभाषला त्यांनीच बाराव्या वर्षी मैदानावर नेलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं.

"दिगा, तू त्याला नीट सांगितलं होतंस न्हवं?"

"व्हय, आप्पा."

"आठ दिवस झाले की नाही?"

"झाले."

"काय म्हणाला होता?"

"काय नाही. बरं म्हणाला."

आप्पा खुर्चीत बसले. चष्मा काढून बराच वेळ धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

बाहेरच्यांना ठाऊक नव्हती ती गोष्ट अशी की सुभाष फुटला नव्हता. त्याला काढलं होतं. पुण्याला गेलेल्या पोराची जागा पेठेतल्याच एकाला दिली होती, त्यामुळं कोलकात्याचे दोघं घ्यायचे तर वीसमधली दोन नावं कमी करावी लागणार होती. गोलकीपरचं एक नाव सहज निघालं. दुसऱ्यासाठी कमिटी तीन तास बसली आणि शेवटी सुभाषच्या नावावर रेघ मारली. आप्पांनी मला बोलावून सांगितलं होतं, "मी सांगितलं तर त्याला कमिटीचा निरोप वाटंल. तू त्याचा दोस्त. घरी जा, शेजारी बसून सांग. हंगाम संपला की त्याचा मोठा सत्कार करू म्हणावं. त्याला मैदानावर बोलवून, पेठेसमोर."

"बरं म्हणाला," आप्पा आता स्वतःशीच बोलत होते, "आणि सरळ जाऊन चिंचबागेत सही केली. म्हणजे माझ्या तोंडावर मारल्यागत झालं, दिगा. मी त्याला पोराच्या जागी..." खाली घोषणा सुरू झाल्या होत्या. "पोरं तापलीत. खाली जाऊन सांगू का, की बाबांनो, आम्हीच त्याचं नाव काढलंय? निदान गद्दार तरी म्हणणार नाहीत."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना सल्ला हवा होता. मी म्हणालो, "राहू द्या आप्पा. आता सांगून काय उपयोग? उलट कमिटीवर येईल. कोलकात्याची पोरं नवीन आलीत, त्यांना त्रास व्हायचा."

"तेही खरंच," आप्पा म्हणाले.

मी जिना उतरलो, तर राजू खडू घेऊन उभाच होता. आमच्या तालमीच्या दारात फळा आहे. सामन्याची वेळ, वर्गणी, कुणाच्या निधनाची बातमी, सगळं त्यावर मीच लिहायचो. मी धंद्यानं पेंटर. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर. संघाच्या जर्सीवरचे आकडेसुद्धा मीच रंगवायचो.

"लिही," राजू म्हणाला. "मी सांगतो तसं. 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की तीनबत्तीचा कचरा यंदा चिंचबागेनं उचलला आहे. चिंचबागेचे आभार.'"

पोरं हसली. कुणी शिट्टी मारली.

"तू लिही की," मी म्हणालो.

"माझं अक्षर कोण वाचणार? लिही लेका. का दोस्त म्हणून हात अडतोय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खडू घेतला. लिहिलं. पण माझं अक्षर येऊ दिलं नाही. वाकडीतिकडी, शाळेतल्या पोरासारखी, एक मोठं एक बारीक अशी अक्षरं काढली. राजू म्हणाला, "हे काय रे, कोंबडी नाचल्यागत?" मी म्हणालो, "फळा ओला आहे." कुणाला त्यात विशेष वाटलं नाही.

लिहून होतंय तोवर गल्लीच्या तोंडाला सुभाष दिसला.

तो सायकल हातात धरून चालत येत होता. अंगात आमची पिवळी जर्सी होती. मला वाटतं, ती बदलायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. त्याला बघून पोरं अशी काही ओरडली की टपरीवाल्यानं फळी खाली ओढली. सुभाष थांबला. त्यानं हात वर केला. तो काही सांगू बघत होता, एवढं लांबून कळत होतं. "अरे ऐका तरी," एवढे दोन शब्द आले. राजूनं हलगी उचलली आणि वाजवायला सुरुवात केली. आणखी एकानं कैताळ घेतलं. मग सुभाषचं तोंड हलताना नुसतं दिसत राहिलं.

त्याची नजर गर्दीतून फिरत होती. मी खांबाच्या मागं सरकलो.

शेवटी त्याची बायको वैजयंता, आमच्या वैजू वहिनी, गल्लीतून पदर खोचून पळत आल्या. त्यांनी त्याच्या हातातली सायकल घेतली, त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला मागं वळवून नेलं. हलगी बराच वेळ वाजत होती.

अतिग्रेंच्या घराला लागून त्यांची पिठाची गिरण होती. सुभाषची आई चालवायची, तिचं वय झाल्यावर वहिनी चालवू लागल्या. अर्धी पेठ तिथं दळायची. दुसऱ्या दिवसापासून दळणाचे डबे येईनासे झाले. कुणी ठरवून बंदी घातली असं नाही. एकानं नेला नाही म्हणून शेजारच्यानं नेला नाही. बायका डबे डोक्यावर घेऊन तीन गल्ल्या ओलांडून दुसऱ्या गिरणीत जायच्या. माझ्या आईनं मला विचारलं, "दिगा, आपण कुठं दळायचं रे?" मी म्हणालो, "काही दिवस तिकडंच ने." आईनं माझ्याकडं बघितलं आणि डबा उचलला.

मी त्याच्या घरी गेलो नाही. तोही आला नाही. रस्त्यात एकदा समोरासमोर आलो, तर तो थांबला आणि मी "येतो रे, घाईत आहे" म्हणून पुढं गेलो.

जानेवारीत आमचा चिंचबागेशी सामना झाला. स्टेडियम गच्च भरलं होतं. सुभाष बाकावर होता, त्यांच्या तपकिरी जर्सीत. एक-एक अशी बरोबरी होती. शेवटची वीस मिनिटं राहिली तेव्हा त्यांचा डावा बचावपटू लंगडू लागला आणि सुभाष उठला. आमच्या गॅलरीतून जो आवाज उठला, तसला मी नंतर कधी ऐकला नाही. त्याच्या आईवरून, बायकोवरून. मीही तिथंच होतो. माझं तोंड हलत होतं. आवाज निघत होता की नाही, खरंच आठवत नाही.

दहा मिनिटं तो बरा खेळला. मग त्यांच्याच गोलसमोर चेंडू त्याच्या पायात आला. आमची दोन पोरं अंगावर धावली. त्यानं मान वर केली, डावीकडं पिवळी जर्सी मोकळी दिसली, आणि त्यानं चेंडू अलगद तिच्याकडं दिला. चौदा वर्षांची सवय. ज्याला दिला तो आमचा कोलकात्याचा होता. त्यानं थांबूनसुद्धा बघितलं नाही. गोल.

आमची गॅलरी नाचली. "सुभ्या, सुभ्या" म्हणून टाळ्या वाजवल्या, हसून हसून लोक एकमेकांच्या अंगावर पडले. समोरच्या गॅलरीतून पाण्याच्या पिशव्या आल्या. चिंचबागेची माणसं ओरडत होती, "तीनबत्तीनं पाठवलाय ह्याला!" सुभाष मैदानाच्या मधोमध उभा होता. दोन्ही बाजूंनी एकच शब्द येत होता, गद्दार. त्यांच्या मॅनेजरनं त्याला तिथंच बाहेर बोलावलं. त्यानंतर तो पुन्हा कधी मैदानात दिसला नाही.

उन्हाळ्यात त्यांनी गिरण विकली, घर भाड्यानं दिलं आणि फुलेवाडीकडं राहायला गेले. टेम्पो भरताना गल्लीतली दारं लावलेली होती.

आप्पा दोन वर्षांनी गेले. हृदयविकाराचा झटका आला, दुकानातच. अख्खी पेठ मातीला आली होती. जुने-नवे सगळे खेळाडू जर्सी घालून आले होते. सुभाष तेवढा आला नाही. त्यावरूनही पेठेत बोलणं झालं. "बघा, आप्पांच्या मातीलासुद्धा आला नाही. ह्याला माणूस म्हणायचं?"

सुभाष पेठ सोडून गेला त्याला चार वर्षं झाल्यावरची गोष्ट. फुलेवाडीत एका शाळेची पाटी रंगवायचं काम मला मिळालं होतं. डबा-ब्रश घेऊन परत निघालो, तर भाजीवाल्यापाशी मागनं हाक आली.

"भावजी!"

वैजू वहिनी. केस कानांजवळ पांढरे झालेले. मला वाटलं, आता तोंड फिरवतील. त्यांनी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि माझी सायकलच धरली.

"घराकडं चला. आत्ताच्या आत्ता. हे आल्यात घरी, सकाळची पाळी हाय आज."

"वहिनी, पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळी म्हणून चार वर्षं झाली. चला गप."

दोन खोल्यांचं घर होतं. सुभाष बनियनवर बसून पोरीच्या सायकलची साखळी घालत होता. मला बघून तो उठला, हात तसेच तेलकट, आणि त्यानं मला मिठी मारली. बनियनचा काळा डाग माझ्या शर्टाला लागला तर दोघंही हसलो.

"पेठेतनं ह्या घरात येणारा तू पहिला," तो म्हणाला. "वैजे, च्या टाक. आलं घाल."

"टाकतो की," वहिनी आतून म्हणाल्या. "भावजी, जेवूनच जायाचं. मी पिठलं करतो."

आम्ही बसलो. त्यानं माझ्या आईची चौकशी केली, धंद्याची केली. फुटबॉलचं नाव दोघांनीही काढलं नाही. मग तोच म्हणाला, "दिगा, एक सांगू? सगळ्या पेठेवर मी पाणी सोडलं, तुझ्यावर नाही."

"का?"

"त्या दिवशी सगळे ओरडत होते. मी एकेकाचं तोंड बघितलं. तू तिथं नव्हतास. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जाताना, पहाटे, मी तालमीसमोर सायकल थांबवून तो फळा वाचला. हिला घरी येऊन म्हणालो, सगळी पेठ फिरली, पण अक्षर दिगाचं नाही. त्यांनी त्याला सांगितलं असणारच, त्यानं नाही म्हटलं. त्याच्यावर लई दिवस काढले मी."

मी पाणी प्यायलो. तांब्या रिकामा झाला तरी तोंडाला लावून बसलो होतो.

"तुला माहीत नाही काय झालं ते," तो पुढं बोलू लागला. "पेठेत कुणालाच माहीत नाही. मी चिंचबागेत जायला गेलो नव्हतो रे. मी आपली जर्सी घालून, फोटो घेऊन, रांगेत उभा होतो. आपल्याच रांगेत. माझा नंबर आला. त्या क्लार्कनं यादी बघितली, उलटून बघितली. म्हणाला, तुझं नाव नाही ह्यात. मी म्हणालो, नीट बघा, तीन नंबर. त्यानं मोठ्यानं वीसच्या वीस नावं वाचली. माझ्या मागं ते कोलकात्याचे दोघं उभे, आदल्या दिवशीचा गुलाल कानामागं तसाच. दुसऱ्या तालमींची माणसं ऐकतायत. तिथं चिंचबागेचा मॅनेजर होता. तो म्हणाला, आमच्यात एक जागा आहे, येतोस? मला काही दिसतच नव्हतं. कुठं सही केली तेही कळलं नाही. बाहेर आल्यावर कळलं."

आतून आल्याचा वास आला. खलबत्त्याचा आवाज येत होता.

"सही केल्यावर मी तसाच तालमीकडं आलो, सांगायला. की चूक झाली, रद्द करता येतं का बघा. तर हलगी." तो थोडं हसला. "काढलं त्याचं वाईट नाही. पळणं कमी झालंच होतं. पण कुणीतरी एक दिवस आधी सांगायला पाहिजे होतं की नाही? एक तास आधी. मी घरी बसलो असतो. कट्ट्यावर येऊन तुझ्याशेजारी बसून सामने बघितले असते. आप्पांनी असं का केलं, मला कधीच कळलं नाही. मला बापाच्या जागी होता तो माणूस. चार लोकांत माझी अशी शोभा करायची, एवढं मी काय वाकडं केलं होतं? ते गेले तेव्हा हिनं लई सांगितलं, जाऊन या. मी नाही गेलो. म्हणालो, जिवंतपणी त्यांनी मला एक शब्द सांगितला नाही, आता मी जाऊन कुणाला बघू?"

तेव्हा मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. चार वर्षं बसलोच होतो.

"सुभ्या," मी म्हणालो, "आप्पांनी सांगितलं होतं."

"काय?"

"तुला सांगायला. मला पाठवलं होतं. आठ दिवस आधी."

तो माझ्याकडं बघत होता, पण त्याला अजून समजलं नव्हतं. म्हणून मला सगळं बोलावं लागलं.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो होतो ते सांगायलाच. वाटेत वाक्यं पाठ करत गेलो होतो. तर तो कॉटवर चार पासपोर्ट फोटो मांडून बसलेला. "दिगा, ह्यातला कुठला बरा रे?" नोंदणीच्या दिवसाची कारखान्यात रजा टाकून झाली होती. म्हणाला, "यंदा शेवटचा हंगाम. आईनं मला कधी खेळताना बघितलं नाही. शेवटच्या सामन्याला तिला खुर्ची टाकून बसवणार आहे." वहिनींनी ताट वाढलं. मी जेवलो. फोटो निवडून दिला. उंबऱ्यापर्यंत तो सोडायला आला, तेव्हा सांगू म्हटलं, तर त्यानं दुसराच विषय काढला. घरी जाताना मी ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी आप्पांनी विचारलं, "सांगितलंस?" माझ्या तोंडून "व्हय" गेलं. एकदा व्हय म्हटल्यावर मग रोज उद्या, उद्या.

"आप्पांना शेवटपर्यंत वाटत होतं की तुला ठाऊक होतं," मी म्हणालो. "ते तुझा सत्कार करणार होते. त्या दिवशी ते खाली येऊन लोकांना सांगणार होते की आम्हीच काढलंय म्हणून. मी नको म्हटलं." आणि इथपर्यंत आलोच होतो, म्हणून तेही सांगितलं, "फळा मीच लिहिला होता. अक्षर बदलून."

 सुभाषच्या बोटांना साखळीचं काळं ग्रीस होतं. तो अंगठ्यानं दुसऱ्या बोटावरचं ग्रीस घासत राहिला. ते निघत नव्हतं, पसरत होतं.

मग तो म्हणाला, "हे आज का सांगितलंस?"

"चार वर्षं छातीवर होतं रे. कुठंतरी हलकं..."

"झालं हलकं?"

मी रिकामा तांब्या उचलून पुन्हा खाली ठेवला.

"मी त्यांच्या मातीला गेलो नाही, दिगा," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मला राग धरायला एक मेलेला माणूस होता आणि नाव घ्यायला एक दोस्त होता. माझं चाललं होतं. आता मी आप्पांचं काय करू? सांग की. तू आता सायकलीवर बसून जाशील. मी काय करू?"

मी "माफ कर" असं काहीतरी म्हणालो असेन. त्यानं ते ऐकलं की नाही, माहीत नाही. तो उठला, साखळी निघालेली सायकल भिंतीला नीट लावली आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. स्टोव्हचा आवाज येत होता. वहिनी काहीतरी गुणगुणत होत्या.

"वैजे," तो म्हणाला, "पिठलं राहू दे. दिगाला जायचंय."